धुऱ्याचे सोयरे

कापसाची पहिली वेचणी सुरू होती आणि मोठी माय, म्हणजे माझी मोठी काकू, वावरातच चक्कर येऊन पडली. मी नागपूरला, भाऊ पुण्याला, आईचे गुडघे धरलेले, त्यामुळे घरातलं कोणीच जवळ नव्हतं. आमच्या वावराला लागून ज्यांचं वावर आहे त्यांनी तिला उचललं, दुसऱ्या एका पोराला मागं बसवून मोटरसायकलवर मधात धरून तालुक्याच्या दवाखान्यात नेलं. संध्याकाळपर्यंत मी पोचले तेव्हा सलाईन लागलं होतं, मोठी माय बोलत होती, उलट माझ्यावरच ओरडली की एवढ्यासाठी कायले रजा काढली वं. सगळं ठीकच झालं. पण फाईल हातात आली तेव्हा वरच्या कागदावर एक ओळ दिसली: सोबत आणणाऱ्याचं नाव, आणि पुढं रुग्णाशी नातं. तिथं टाईप केलं होतं 'इतर'.

त्यांना विचारलं तर सांगू लागले की काउंटरवरच्या पोरीनं विचारलं, पेशंटशी नातं काय, त मी म्हन्तलं धुरेकरी आहो जी. ती म्हणे म्हणजे कोण, भाऊ की मुलगा की काय लिहू. मी म्हन्तलं आमचा धुरा लागून हाय. तिनं काहीतरी दाबलं अन् पुढचं विचारलं. "लेहू दे ना वं बाई, सलाईन तं लवकर लागलं," असं म्हणून ते चहा आणायला गेले. त्या पोरीची काही चूक नाही, तिच्यासमोर जेवढे पर्याय होते त्यातलाच एक तिनं निवडला, मागं रांग होती. तरी तो शब्द मला टोचत राहिला, रात्री दवाखान्याच्या बाकावर बसून, फिनेलच्या वासात, मी त्याच शब्दाभोवती फिरत होते. ज्या माणसाच्या अंगावर मोठ्या मायचा घाम आणि ओकारी होती, तो इतर.

धुरा आमच्याकडं कोणाला समजावून सांगावा लागत नाही. दोन वावरांच्या मधली ती पट्टी, कुठं हातभर, कुठं चांगली दोन-तीन हात, गवतानं माजलेली, त्यावर एखादी बोर, एखादा हिवर, एखादा निंब आपोआप उगवलेला, पावसाळ्यात साप, उन्हाळ्यात जेवायला सावली. बोरीचं झाड नक्की कोणाचं हे कोणालाच माहीत नसतं, बोरं ज्याच्या वावरात पडली ती त्याची. आणि हाच धुरा खुनापर्यंतही नेतो, हे पण खरंच आहे. दरवर्षी वखरताना एक तास, म्हणजे एक ओळ, सरकवायचं, धुरा कोरायचा, मग मोजणी आणायची, मग कोर्ट, अशी पिढ्यान् पिढ्यांची भांडणं आमच्या शिवारात आहेत. आमच्या दोन घरांतही आजोबांच्या काळात बोलणं बंद होतं म्हणतात. पण बोलणं बंद असतानासुद्धा धुरा जाळायचा असेल तर एक हाळी द्यावी लागते, रानडुकरांसाठी जागलीला गेलं की पलीकडच्या माळ्यावरचा खोकला ऐकू येतो आणि बरं वाटतं, कोणाचं ढोर दुसऱ्याच्या तुरीत शिरलं तर पहिला दगड आणि पहिली हाक धुरेकऱ्याचीच. भांडणाचाही हक्क असतो आणि मदतीचाही, आणि तो निवडून मिळत नाही, वावर जिथं आहे तिथं जो पलीकडं आहे तोच तुमचा धुरेकरी. सख्ख्या भावाचं तरी वेगळं काय असतं.

मी ज्या घरात वाढले तिथं नात्याच्या शब्दांचा नुसता सुकाळ होता. बाबांच्या मोठ्या भावाला मोठे बाबा, त्यांची बायको मोठी माय, आत्याला फुई, बहिणीच्या नवऱ्याला भाटवा, भाच्याला भासा. खातीमामा फाळ शेवटायला, म्हणजे त्याला टोक काढायला, यायचे, कुंभारमामा आव्यातली राख अंगावर घेऊनच यायचे, गावात कोणाच्याही पोरीचा नवरा आला की तो अख्ख्या गावाचा जावई आणि त्याची मस्करी करायचा हक्क अख्ख्या गल्लीला. देवळाजवळ मातामाय, शिवेवर मरीमाय, वावराला काळी माय. गोवर-कांजण्या अंगावर आल्या तरी माय आली म्हणायचे, आवाज चढवायचा नाही, फोडणी द्यायची नाही, निंबाचा पाला उशाशी ठेवायचा. ज्या रोगानं लेकरं मरायची त्यालाही माय म्हणणारी माणसं किती घाबरलेली असतील असं आता वाटतं. रोगाला माय म्हटलं की तिच्याशी बोलता येतं, तिची ओटी भरता येते, तिला पाहुणी मानून निरोप देता येतो. जिला काही म्हणताच येत नाही तिच्याशी माणसानं करायचं काय?

आईचं माहेर पार तिकडं, धानपट्ट्यात, तेव्हाचा भंडारा जिल्हा, 1999 नंतर गोंदिया. आमच्याकडची काळी माती आणि कापसाची पऱ्हाटी सोडून उन्हाळ्यात तिकडं गेलं की डोळ्याला सगळं वेगळंच दिसायचं, बांध्याच बांध्या, म्हणजे बांध घातलेली धानाची शेतं, मोहाच्या फुलांचा गोडसर आंबट वास, आणि गावाच्या अंगावर पाळ घातलेला एवढा मोठा तलाव. त्याला सगळे मामा तलाव म्हणायचे. मामाचं गाव, मामाचा वाडा, मामाची बांधी, मग तलावही मामाच असणार, यात आम्हा भाच्यांना काही विचारण्यासारखं वाटलंच नाही कधी. ते मामा म्हणजे 'माजी मालगुजारी' हे पुष्कळ नंतर कळलं. मालगुजारी, म्हणजे गावाचा सारा वसूल करणाऱ्या जमीनदारांची पद्धत, 1951 मध्ये संपली, मालगुजारांचे तलाव सरकारजमा झाले, कागदोपत्री त्यांच्या नावापुढं माजी मालगुजारी लागलं आणि कोणत्यातरी कारकुनाच्या हातानं त्याचं झालं मामा. मला ते शॉर्टफॉर्म वाटतच नाही अजून. कारण तलावाचं वागणं मामासारखंच होतं, पोहायला तोच, मासे त्याचे, कमळकाकड्या त्याच्या, रोवणीला पाऊस दडी मारून बसला की पाणी त्याचं, घरी भांडण झालं की पाळीवर जाऊन बसायला तोच.

हे तलाव बांधले ते कोहळी लोकांनी, गोंड राजांच्या काळापासून. पाणी कुठून येतं, कुठं अडवलं तर पाळ टिकेल, कोणत्या बांधीला आधी पाणी द्यायचं हे सगळं त्यांच्या डोक्यात. नवेगाव बांधचा एवढा मोठा जलाशय कोलू पाटील कोहळीनं बांधला म्हणतात, आणि भोवतीच्या टेकड्यांना सात बहिणी. पाण्याला बांध घालायला या बहिणींनी मदत केली अशी गोष्ट तिकडं सांगतात. आजी ती सांगायची तेव्हा मधेच थांबून म्हणायची, भावाचं काम म्हटलं की बहिणी येतातच ना बाप्पा. टेकड्यांबद्दल बोलते की स्वतःच्या नणंदांबद्दल ते समजायचं नाही.

तिकडच्या गावांचं निस्तारपत्रक मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मात्र हरखून गेले. मामेभावाला कसल्यातरी कामासाठी ते काढायचं होतं. गावातल्या लोकांनी सरपण कोणत्या झुडपी जंगलातून आणायचं, ढोरं कुठं चारायची, तलावाचं पाणी, मुरूम, माती कशासाठी वापरायची, मेलेलं ढोर कुठं टाकायचं, मसणवट कोणती, हे सगळं सरकारी भाषेत ओळीनं लिहिलेलं. कोरडीच भाषा आहे ती, नियमांची. पण वाचताना मला सोयरिकीच्या याद्या आठवत होत्या, लग्नात कोणाला काय द्यायचं, कोणाचा मान कोणता, त्या आजीच्या तोंडपाठ याद्या. म्हणजे एकेकाळी कागदालाही माहीत होतं की गावाचं आणि तलावाचं, गावाचं आणि झुडपाचं काहीतरी देणंघेणं असतं. आता कित्येक मामा तलाव गाळानं भरलेत, कडेनं अतिक्रमणं झालीत, पाळीवर बेशरमीची झुडपं माजलीत. मालगुजार गेला ते बरंच झालं, त्याच्या वाड्यातल्या वेठबिगारीच्या गोष्टी आजीनंच सांगितल्या आहेत. पण पाळीची भेग बुजवायला गावानं टोपलं घेऊन जायची जी सवय होती तीही त्याच्या सोबत गेली, आणि तलाव सरकारचा झाला म्हणजे नक्की कोणाचा झाला हे गावाला उमजेपर्यंत पाणी आटायला लागलं होतं.

आजोळी एक प्रथा होती, ती आमच्याकडंही आहे, पुण्याच्या वहिनीला पहिल्यांदा पाहून धक्काच बसला होता. मामा भाच्याच्या पाया पडतो. चांगले पांढऱ्या मिशांचे मामा, आणि फ्रॉक घातलेली मी, दारात पोचल्याबरोबर ते वाकायचे, त्यांच्या टकलाला खोबरेल तेलाचा वास यायचा. मला ओशाळल्यासारखं व्हायचं आणि आतून फार भारीही वाटायचं. आणि मामा-भाच्यानं एका डोंग्यात बसायचं नाही हाही नियम. तलावात डोंगा असायचा ढीवरांचा, मी बसले की मामा काठावर, मामा बसला की मी काठावर. का, ते कोणी सांगितलं नाही. आता वाटतं, डोंगा उलटला तर एका घरातली दोन्ही टोकं एकदमच जायला नको म्हणून असेल, पण हा माझा तर्क.

माझ्यासोबत शिकवणाऱ्या एक टेकाम मॅडम आहेत. मधल्या सुट्टीत डबा खाताना त्यांच्याकडून सोयरिकीचं गणित ऐकलं ते मला आमच्याहून कितीतरी नीटस वाटलं. गोंडांमध्ये कोणाचे देव चार, कोणाचे पाच, कोणाचे सहा, कोणाचे सात. देव सारखे असले की ते सगळे भाऊभाऊ, गाव कितीही दूर असो, ओळख असो नसो, त्यांच्यात लग्न नाही. देव वेगळे असले की सोयरे. आणि आडनावातच झाड. टेका म्हणजे साग, म्हणून टेकाम. मरका म्हणजे आंबा, म्हणून मरकाम. ज्या कुळाचं जे झाड ते त्या कुळानं तोडायचं नाही. मॅडमच्या नव्या घराला चौकटी करायच्या होत्या तेव्हा मिस्तरी म्हणाला सागाच्याच टिकतील, यांच्या सासऱ्यांनी ऐकलं नाही, लोखंडी बसवल्या. मॅडम हे अगदी साधं सांगत होत्या, भाजीत मीठ कमी आहे हे सांगावं तसं. मला आमच्या घरच्या लग्नातली मेढ आठवली. मांडवाच्या मेढीला उंबराची नाहीतर आंब्या-जांभळाची डहाळी बांधतात, देवक म्हणतात, आणि ज्यांचं देवक एक त्यांच्यात सोयरीक होत नाही. म्हणजे आमचंही कुळ कोणत्यातरी झाडाच्या पोटचंच होतं की. फक्त आमच्याकडं ते आता लग्नाच्या सामानाच्या यादीत उरलंय, हळकुंडं, सुपाऱ्या आणि त्याखाली देवकाची डहाळी, आणि ती आणायला कोणालातरी पिटाळायचं.

पिकांतही नाती लावून ठेवलीत लोकांनी. आमच्याकडून वायगाव फार लांब नाही, तिथल्या हळदीचं नाव मोठं. हळदीचा कांदा खणून काढला की मधला जो मूळचा मोठा कंद, त्याला जेठा गड्डा म्हणतात, बाजूला फुटलेले ते बगल गड्डे, आणि मग हळकुंडं. बेण्याला जेठा उत्तम. मातीतून उपसलेला तो सगळा कुटुंबकबिला हातात घेतला की मातीखाली एवढं एकत्र कुटुंब नांदत होतं याचं नवल वाटतं, आणि वास तर नखांतून दोन दिवस जात नाही. फुईचं सासर वरुडकडचं, तिकडं सगळी संत्री. शेंदूरजनाघाटच्या रोपवाटिकांत मी उन्हात उभी राहून डोळे बांधताना पाहिलेत. खाली खुंट जंबेरीचा. तो बी टाकून वाढवायचा, पेन्सिलीएवढा जाड झाला की सालीला उभी-आडवी चीर द्यायची, चांगल्या संत्र्याच्या झाडाचा डोळा त्यात बसवायचा, वरून प्लास्टिकची पट्टी. डोळा धरला की जंबेरीचा वरचा शेंडा छाटून टाकायचा. आणि पुढं आयुष्यभर, खालच्या भागातून जंबेरीचं पान फुटलं रे फुटलं की काढून टाकायचं. मुळं जंबेरीची, मातीतली झुंज जंबेरीची, आणि फळ संत्र्याचं. नागपुरी संत्र्याला 2014 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा वरुडकडं पेढे वाटले होते, मी फुईच्या बागेतल्या एका झाडाच्या बुडाशी बसून त्या खालच्या फुगीर सांध्यावर हात ठेवला होता, जिथं एक झाड संपून दुसरं सुरू होतं. फुई बाजूला उभी होती. लग्न होऊन त्या घरात आली त्याला जन्म झाला तिचा, नावही बदललेलं, माहेरचं नाव आता फक्त आमच्याच तोंडात. ती म्हणाली, "काय पाहून राह्यली वं एवढं?" मी काही बोलले नाही.

पोळ्याची आदली संध्याकाळ मला सगळ्या सणांत जास्त आवडते, प्रत्यक्ष पोळ्याहून जास्त. बैल नदीवरून धुऊन आणलेले, अंगाला ओलसर माती आणि गवताचा वास. खांदशेकणीला हळद-तूप गरम करायचं, पळसाच्या पानानं त्यांच्या खांद्यावर लावायचं, वर्षभर जू ठेवून जिथं घट्टे पडले आहेत तिथं. तूप लागलं की बैलाच्या कातडीवरून एक थरथर जाते. मग मोठी माय समोर उभी राहून, डोक्यावर पदर घेऊन, माणसाला म्हणावं तसं म्हणायची, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." दरवर्षी तेच वाक्य आणि दरवर्षी माझ्या अंगावर काटा. आपल्याच गोठ्यातल्या बैलाला आपल्याच घरी जेवायला यायचं आमंत्रण. गोठ्यात राहणारा उद्या पाहुणा होऊन दारातून येणार, त्याचे पाय धुतले जाणार, पुरणाची पोळी त्याला आधी. आमच्या जोडीतला एक म्हातारा बैल गोठ्यातच मेला तेव्हा त्या रात्री घरात चूल पेटली नाही, आम्हा पोरांना शेजाऱ्यांनी जेवू घातलं. पण दुसरी गोष्टही सांगायला पाहिजे. त्याचा जोडीदार पुढच्याच बाजारात विकला. एकट्या बैलाला कोण पोसणार, नवी जोडी लावायची तर पैसा पाहिजे, बाबांचं काही चुकलं असं मी आजही म्हणणार नाही. तो ट्रकमध्ये चढत नव्हता. आवतन दिलेला सोयरा होता तो, आणि कासरा बाबांच्याच हातात होता. ही दोन्ही चित्रं माझ्या मनात शेजारी-शेजारी आहेत, एकानं दुसरं पुसत नाही.

आणि काका. आमचे सालदार. पाडव्याला साल ठरायचं, वर्षाची ज्वारी, गहू आणि काही रोख. मला खांद्यावर बसवून वावरात नेणारे, तिफनीमागं चालायला शिकवणारे, बैलाच्या डोळ्यातला कचरा जिभेनं काढणारे. ते आजीला माय म्हणायचे, आम्ही त्यांना काका. आणि त्यांचं जर्मनचं, म्हणजे अॅल्युमिनियमचं, ताट आणि पेला गोठ्याच्या कुडात खोसलेला असायचा. ते स्वतः काढायचे, धुवायचे, ओसरीच्या खाली बसायचे, आणि त्यांना आपला लेक म्हणणारी आजी त्यांना वरून वाढायची. भाकर हातात न देता ताटात टाकायची. त्यांचे वडील 1956 च्या ऑक्टोबरात नागपूरला बाबासाहेबांसोबत दीक्षा घेऊन आलेले, त्यांच्या घरात बुद्धाचा फोटो, आणि तरी आमच्या गोठ्यात ते ताट. लहानपणी ते मी रोज पाहिलं आणि त्यात मला काही दिसलं नाही, कारण काका हा शब्द त्यावर पांघरलेला होता. म्हणून नात्याच्या शब्दांबद्दल लोक जेव्हा भरभरून बोलतात, जुनं गाव कसं एक कुटुंब होतं वगैरे, तेव्हा मला ते ताट आठवतं आणि माझी मान हलत नाही. मामा म्हणून तलाव राखता येतो, तसंच काका म्हणून एखाद्याला जन्मभर ओसरीच्या खालीही बसवता येतं. दोन्ही माझ्याच घरात झालंय.

काका गेले. आता आमचं वावर त्यांचा मुलगा ठोक्यानं, म्हणजे ठरलेली रक्कम देऊन, करतो. आमच्या शिवारात बैलजोड्या फार थोड्या उरल्यात, त्यातली एक त्याची, गौळाऊ जातीची, पांढरीशुभ्र. तो आईला काकू म्हणतो, घरात येतो, स्वयंपाकघरात पाट घेऊन बसतो, आईच्या हातची कढी मागून पितो. आजी असती तर काय झालं असतं हा विचार माझ्या मनात येतो, त्याच्याही येत असणार. त्याची पोरगी हिंगणघाटला कॉलेजात शिकते. ती आईला काकू-आजी काही म्हणत नाही, मला मॅडम म्हणते. तिचा बाप एकदा तिच्यावर रागावला, अवं आत्या म्हण ना, घरच्या हायेत. ती काही बोलली नाही, पण पुढंही मॅडमच म्हणाली. मला ते थोडं लागलं आणि पटलंही. आजोबांचं ताट कुठं असायचं हे तिला माहीत असणारच, ही गोष्ट त्यांच्या घरातही सांगितली जात असेल, आमच्याहून जास्त.

गेल्या पावसाळ्यात अतिवृष्टीनं पऱ्हाटी पिवळी पडली, पंचनामे झाले, आणि भरपाई आली ती आईच्या खात्यात, कारण सातबारा आईच्या नावावर. आईनं ती त्याला दिली, सगळी, त्यात काही प्रश्नच नव्हता. पण यावर्षी ठोका ठरवायला बसलो तेव्हा ती पोरगी बापासोबत आली आणि म्हणाली, मॅडम, ठोक्याचा कागद करून द्या. बाप कानकोंडा झाला. आईला तर चांगलंच लागलं, "घरचाच तं हाय तो, कागद कायले पाहिजे वं? आजपर्यंत कधी शब्द फिरला का आमचा?" पोरगी शांतपणे म्हणाली, शब्द फिरला नाही आजी, पण शब्द बँकेत चालत नाही. आजी म्हणाली ती, माझ्या कानाला ते लगेच जाणवलं, पण मागणी काही तिनं मागं घेतली नाही.

मी तिच्या बाजूनं बोलले. आई दोन दिवस माझ्याशी नीट बोलली नाही. मग मी तहसीलजवळच्या लेखनिकाकडून स्टॅम्पपेपरवर लिहून आणलं, आई लिहून देणार, तो लिहून घेणार, किती वर्षांसाठी, किती रक्कम, पीक गेलं तर भरपाई कोणाची हे स्पष्ट. ओसरीवर सतरंजी टाकून सगळे बसलो. आईनं चष्मा लावून सही केली, त्यानं केली. पोरगी साक्षीदाराच्या जागेवर सही करायच्या आधी कागद पहिल्यापासून परत वाचायला लागली, बोट ठेवून, आणि एका ठिकाणी थांबली. क्षेत्र चुकलं होतं, आर लिहिताना लेखनिकानं आकडे उलटे टाकले होते. मग आईनं ट्रंकेतून सातबारा काढला, तिनं आणि मी दोघींनी आकडे ताडून पाहिले, खाडाखोड चालेल की नवा कागद लागेल यावर थोडा वाद झाला, आणि शेवटी तिचंच म्हणणं पडलं की नवाच करू.